समेवरचं छायाचित्र

आपल्या छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात लेणी आहेत. त्यातलं सातवं लेणं आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. गाभाऱ्याच्या डाव्या भिंतीवर मधोमध एक नर्तकी आणि तिच्या दोन्ही अंगांना मिळून सहा वादक स्त्रिया. सहाव्या-सातव्या शतकातलं काम. दगड हलत नाही, वाद्यं वाजत नाहीत, तरी नाच चालू आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. नाचातला कोणता क्षण थांबवायचा, हे त्या कारागिराने छिन्नी लावण्याआधीच ठरवलं असणार. नृत्याच्या छायाचित्राची तयारी म्हणजे मुख्यतः हेच ठरवणं. कपडे, दागिने, मेकअप हे सगळं त्यानंतरचं.

आपल्याकडे होतं उलटं. आमच्या गल्लीत एक मुलगी कथक शिकते. वडील रिक्षा चालवतात. एका महोत्सवाच्या अर्जासोबत नृत्याची चार छायाचित्रं जोडायची होती, म्हणून त्यांनी दोन महिने पैसे बाजूला टाकले आणि तिला एका स्टुडिओत नेलं. तिथे पडद्यासमोर उभं करून "हात वर, मान तिरकी, जरा हसा" असं करत फोटो काढले. फोटो गोड आले. तिच्या गुरूंनी ते पाहिले आणि एवढंच विचारलं, "यात तू नाचतेस कुठे?" मुलगी माझ्याकडे आली. "चाचा, अर्जाला बारा दिवस राहिलेत. आता काय करू?"

मला कथक येत नाही. पण लयीशी रोजचा संबंध आहे, आणि माझे एक जुने स्नेही छायाचित्रकार आहेत. त्या दोघांना मी समोरासमोर बसवलं. पुढचं त्यांच्याकडून ऐकलेलं आणि पाहिलेलं सांगतो.

कथकमध्ये तीनतालाच्या सोळा मात्रा फिरून पुन्हा पहिल्या मात्रेवर येतात. ती सम. तुकडा असो की तिहाई, सगळी धाव समेकडे असते, आणि समेवर शरीर क्षणभर ठरतं. हे ठरणं म्हणजे पोझ नव्हे. पोझ घेतलेल्या माणसाच्या खांद्यात ताण नसतो, श्वास सुटलेला असतो, नजर कॅमेऱ्याच्या काचेत अडकलेली असते. समेवर आलेल्या शरीरात मागच्या पंधरा मात्रा शिल्लक असतात. म्हणून स्नेह्यांनी पहिल्या दिवशी कॅमेरा आणलाच नाही. मुलीने बोल म्हणायचे, त्यांनी हातावर ताल धरायचा आणि समेला टाळी द्यायची. कारण डोळ्यांना सम दिसल्यावर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. बोट सोळाव्या मात्रेलाच निघावं लागतं.

पूर्वी ही सोय नव्हती. एकोणिसाव्या शतकात काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे, म्हणून त्या काळच्या नर्तकी चित्रांत खांबासारख्या उभ्या दिसतात. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी अमेरिकेत धावत्या घोड्याची चित्रं टिपली, तेव्हा चारही पाय एकदम हवेत असतात हे लोकांना पटलं. आज साधा कॅमेराही सेकंदाच्या पाचशेव्या भागात चित्र घेतो. त्यात चक्कर घेतानाचा लेहंगा ताटासारखा गोठतो. तोच वेग तिसाव्या भागावर आणला तर घेर धूसर होतो आणि फिरणं दिसतं. दोन्ही खरंच, मला दुसरं अधिक आवडतं. पण चेहराही पुसला गेला तर काही उपयोग नाही. अशा वेळी कथकमधला थाट कामाला येतो. त्यात शरीर बरंचसं स्थिर असतं, हलतात भुवई, मान आणि मनगट.

जागेचा प्रश्न लगेच आला. मुलीच्या मनात बीबी का मकबरा होता, गुरूंच्या मनात वेरूळ. दोन्ही संरक्षित वास्तू. तिकीट काढून साधे फोटो घेणं वेगळं आणि वेशभूषा, तिपाई, दिवे घेऊन जाणं वेगळं; त्यासाठी पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. वेरूळ मंगळवारी बंद असतं, हेही अनेकांना दारात गेल्यावर कळतं. शिवाय मकबऱ्याच्या पांढऱ्या संगमरवरापुढे कॅमेरा फसतो, पांढरं राखाडी करून टाकतो. उजेड मुद्दाम वाढवून घ्यावा लागतो. शेवटी आमच्याच गच्चीवर करड्या रंगाची चादर बांधली आणि सकाळी सातला सुरुवात केली. नऊनंतरचं आपल्याकडचं ऊन डोळ्यांखाली काळे खड्डे पाडतं.

बाकी तयारी बारीकसारीक, पण फोटोत तीच बोलते. घुंगरांची दोरी सैल असेल तर ती घोट्यावर ओघळलेली दिसते. सरावाने काळे झालेले तळवे पाऊल उचलताच समोर येतात, म्हणून ओला फडका जवळ हवा. घड्याळ आदल्या दिवशीच काढून ठेवायचं, मनगटावर पट्ट्याचा वण राहतो. अंगरख्याला आतून टाचण्या. चेहऱ्यावर घाम चमकतो तो पुसायचा नाही, टिपायचा. आणि अर्धा तास तत्कार केल्याशिवाय पहिलं चित्र घ्यायचंच नाही, कारण थंड शरीर खोटं बोलतं. घुंगरू फोटोत ऐकू येत नाहीत, मग बांधायचे कशाला, असं तिच्या धाकट्या भावाने विचारलं. पायांना ते वजन कळतं आणि पाय तसे पडतात, म्हणून. आम्हा कवींचंही तेच आहे. छापलेल्या पानावर आवाज नसतो, तरी मोठ्याने म्हणून न पाहिलेली ओळ ओळखू येते.

तीनशेच्या आसपास चित्रं निघाली. गुरूंनी त्यातली चार निवडली. एकात लेहंग्याची कड जरा पुसट होती, स्नेही ती संगणकावर नीट करायला निघाले होते. गुरूंनी हात धरला.

एक गोष्ट मात्र तिच्या आईने विचारली आणि ती प्रत्येक घराने विचारायला हवी. "भाईसाहेब, हा फोटो उद्या कुठल्याही दुकानाच्या पाटीवर लागेल का?" १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. माझ्या स्नेह्यांनी पैसे घेतले नव्हते, म्हणजे हक्क त्यांचा होता. ते स्वतःच वहीचं पान फाडून लिहायला बसले: चित्रं अर्जासाठी आणि मुलीच्या कार्यक्रमांच्या पत्रकांसाठी वापरायची, इतरत्र वापरायची तर तिला विचारून. खाली दोघांच्या सह्या झाल्या. आईने तो कागद घडी करून रिक्षाच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवला.