शेवटच्या शिट्टीपर्यंत

मुशायऱ्यात शायर शेराची पहिली ओळ दोनदा म्हणतो आणि सगळं सभागृह कान टवकारतं. रदीफ ठाऊक असतो. काफिया कोणता येणार, ते ठाऊक नसतं. माझ्यासारख्या गझल लिहिणाऱ्याला फुटबॉलच्या गर्दीचं गणित उमगलं ते याच वाटेनं.

माझा मुलगा रात्री जागून युरोपातले सामने पाहतो. दोन परक्या संघांपैकी एकानं तीन गोल केले, की टीव्ही बंद करून झोपतो. त्याचा लाडका संघ तीन गोलांनी पुढे असला, तर मात्र जागचा हलत नाही. मी म्हटलं, ‘‘अरे, निकाल तर लागलाच ना?’’ म्हणाला, ‘‘अब्बा, हा निकाल मला बघायचाय!’’

सायमन रोटेनबर्ग या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९५६ साली बेसबॉलबद्दल लिहिताना सांगितलं, की प्रेक्षक यायचे तर निकाल अनिश्चित हवा. शेजारचं दुकान बुडालं तर दुकानदाराचा फायदाच होतो. खेळात प्रतिस्पर्धीच दुबळा झाला, तर तिकीट कशाचं विकणार? फुटबॉलला ही अनिश्चितता जात्याच लाभली आहे. सामन्यात सरासरी तीनच्या आसपास गोल होतात. त्यामुळे एखादी चूक, एखादी किक दुबळ्या संघालाही जिंकून देते. २०१५-१६ च्या मोसमात लेस्टर सिटी हा संघ इंग्लंडचा विजेता झाला. मोसमाआधी सट्टेबाजांनी त्याला एकास पाच हजार असा भाव दिला होता!

पण जर्मनीकडे पाहा. २०१३ ते २०२३ अशी सलग ११ विजेतेपदं बायर्न म्युनिकनं पटकावली, तरी कोरोनाचा काळ वगळता तिथली मैदानं भरलेलीच होती. मग रोटेनबर्ग चुकले का? तसं नव्हे. मैदानावर जाणाऱ्या बहुतेकांना तुल्यबळ लढत नको असते, आपला संघ जिंकायला हवा असतो. शिवाय विजेता ठरलेला असला, तरी तळाच्या संघांची खालच्या श्रेणीत घसरू नये म्हणून झुंज चालूच असते. अनिश्चिततेची ओढ जास्त असते ती घरबसल्या पाहणाऱ्या तटस्थाला. त्याचं मैदान म्हणजे हातातला रिमोट! म्हणूनच इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये देशांतर्गत प्रक्षेपणाच्या पैशातला निम्मा वाटा सर्व २० संघांना सारखा मिळतो.

एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या १२ धनाढ्य क्लबांनी ‘सुपर लीग’ जाहीर केली. संस्थापकांची जागा त्यात कायमची. घसरण्याचं भय नाही. मोठ्या संघांच्या सतत लढती म्हणजे प्रेक्षकांना मेजवानीच, असा त्यांचा हिशेब. पण त्या क्लबांचेच चाहते रस्त्यावर उतरले, आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. ज्यांना आपला संघ रोज जिंकायला हवा होता, त्यांनीच हरण्याची जोखीम वाचवली.

मला यात मोठा अर्थ दिसतो. माणूस पैसे मोजतो ते आशेसाठी. आणि ज्या आशेत धाकधूक नाही, तिला चव नाही. काफिया आधीच सांगून टाकला, तर शेर ऐकायला थांबेल कोण?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)