घरोघरी रुग्णसेवा करणाऱ्या मावशींनी स्वतःला कसे जपावे?

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आजोबा, खुब्याचे हाड मोडलेल्या आजी आणि मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला, अशी घरे आता तालुक्याच्या गावीही दिसतात. तेथे दिवसाची, रात्रीची किंवा चोवीस तासांची ‘मावशी’ ठेवली जाते. रोग्याची शुश्रूषा कशी करावी यावर पुष्कळ लिहिले जाते. शुश्रूषा करणारीच्या प्रकृतीचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही.

काम ठरवताना पगार किती हे सगळ्याजणी विचारतात, आजार कोणता हे थोड्याच विचारतात. यात संकोच कसला? बाई काम नाकारील या भीतीने काही घरी क्षयरोग लपवला जातो. वास्तविक औषधे नीट सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत क्षयाचा संसर्ग पसरण्याची शक्यता बरीच कमी होते. म्हणजे धोका मुख्यतः न सांगितलेल्या, उपचार न घेतलेल्या क्षयाचा. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, खोकणाऱ्या रोग्याच्या तोंडावर मास्क असावा. स्वतःला दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी व औषधे मोफत मिळतात.

दुसरी गोष्ट रक्ताची. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. तिच्यावर लस आहे: पहिले इंजेक्शन, एक महिन्याने दुसरे, सहाव्या महिन्यात तिसरे. हे काम करणाऱ्या प्रत्येकीने ती घ्यावी, आणि माझ्या मते तिचा खर्च कामावर ठेवणाऱ्यांनी द्यावा. मधुमेही रोग्याच्या इन्शुलिनच्या सुईला वापरानंतर टोपण परत लावू नये. बोटाला सुई टोचते ती बहुधा तेव्हाच. जाड प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीत ती टाकावी. टोचलीच तर जखम पिळू नये, साबण-पाण्याने धुवावी आणि लगेच जिल्हा रुग्णालय गाठावे. एचआयव्ही टाळणारी औषधे शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ‘उद्या बघू’ येथे चालत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या मावशींची सर्वांत मोठी तक्रार मात्र कंबरेची. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला एकटीने काखेत हात घालून उचलणे हे हमालीपेक्षा कठीण, कारण पोते हलत नाही, रोगी मध्येच घाबरून गळा धरतो. गळ्यात हात घालू देऊच नये. रोग्याच्या पाठीपासून मांडीपर्यंत एक जाड चादर दुमडून घालून ठेवावी व दोन बाजूंनी दोघांनी ती धरून त्याला वर सरकवावे. कुशीवर वळवताना त्याचा गुडघा आधी दुमडावा, म्हणजे निम्मे ओझे कमी होते. कंबरेत वाकण्याऐवजी स्वतःचे गुडघे वाकवावेत. दुसरे माणूस हाताशी नसेल तर थांबावे. चोवीस तासांच्या कामात सलग झोपेचे तास आधीच ठरवून घ्यावेत. अर्धवट झोपेत गोळ्यांची चूक होते आणि बोल मावशीला लागतो.

आता सुरक्षिततेचे. नव्या घरी पहिल्यांदा दिवसाउजेडी, कोणाला तरी बरोबर घेऊन जावे. पत्ता व फोन नंबर आपल्या घरी लिहून ठेवावा. ब्युरोवाल्याला मूळ कागदपत्रे देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी. घरातल्या कोणाचे वागणे वावगे वाटले तर पगार बुडेल म्हणून गप्प बसू नये. तातडीला पोलिसांचा ११२ व महिलांसाठीचा १८१ हे नंबर पाठ असावेत. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियाही येतात. त्यांच्यासाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावी. लिहिता येत नसेल तर समितीने ती लिहिण्यास मदत करावी, अशी तरतूद कायद्यातच आहे.