आधी अंदाज, मग आकडा

दिल्लीत श्री अरविंद मार्गावर मुख्यालय असलेल्या एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात अर्धा मीटर लांबीची नायक्रोमची तार आणि प्रत्येकी १.५ व्होल्टचे चार घट वापरून करायचा एक प्रयोग आहे. घट एकेक करून वाढवले की तारेच्या टोकांमधील विभवांतर, म्हणजे विद्युतप्रभाराला वाहते ठेवणारा विद्युतपातळीतील फरक, वाढते, त्याबरोबर विद्युतधाराही वाढते आणि दोहोंचे गुणोत्तर मात्र जवळपास तेच राहते. हे गुणोत्तर म्हणजे तारेचा रोध.

असे प्रयोग पडद्यावर करून पाहण्यासाठी दिल्ली परिसरातील शिक्षकाला साधनांची वानवा नाही. अमृता विद्यापीठ आणि मुंबईच्या सी-डॅकने मिळून ‘ओलॅब्स’ उभारले आहे, तर अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘फेट’ प्रकल्पात माउसने ओढून परिपथ जोडता येतो. उणीव आहे ती या साधनांभोवती नेमके प्रश्न गुंफणाऱ्या कृतिपत्रिकांची, कारण छापील रिकाम्या जागा पडद्यावर नेल्याने आणि बरोबर उत्तराला हिरवी खूण दिल्याने कृतिपत्रिका संवादी होत नाही.

दिव्यातून जाताना विद्युतधारा ‘खर्च’ होते, ही मुलांची समजूत जगभर आढळते. तिला हात घालणाऱ्या कृतिपत्रिकेत ६ व्होल्टची बॅटरी आणि ३ ओहमचे दोन रोध एकसर, म्हणजे एकापाठोपाठ, जोडलेले दाखवावेत (दिव्याचा रोध तापल्यावर बदलत असल्याने आकडेमोडीला साधा रोधच बरा) आणि पहिल्या रोधाच्या आधी, दोहोंच्या मध्ये व दुसऱ्यानंतर किती धारा असेल, याचा अंदाज विद्यार्थ्याने नोंदवल्याशिवाय अॅमीटर उघडू नये. तिन्ही ठिकाणी १ अँपिअर दिसल्यावर, घटत जाणारे आकडे लिहिणाऱ्याला ‘चूक’ एवढेच न सांगता ‘मग कमी झालेला प्रभार कुठे साठला?’ असे विचारावे आणि त्याला व्होल्टमीटर जोडायला लावावे. प्रत्येक रोधावर ३ व्होल्ट मिळाले की विभागले जाते ते विभवांतर, धारा नव्हे, हे त्याच्या स्वतःच्या नोंदींतूनच उलगडते. त्यानंतर तेच रोध समांतर जोडले असता बॅटरीतून ४ अँपिअर धारा का निघते, हा प्रश्न यावा.

पडद्यावर तारा सैल होत नाहीत आणि घटही उतरत नाहीत, म्हणून शिक्षकांनी कृतिपत्रिकेनंतर खरे घट, तार आणि अॅमीटर मुलांच्या हाती द्यावेत. मात्र घरातील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर असा कोणताही प्रयोग करू देऊ नये.