नळीवरची माशी

आकुर्डी-भोसरीच्या कोणत्याही वर्कशॉपात लेथवर उभ्या राहणाऱ्या कारागिराला एक तत्त्व नव्याने शिकवावे लागत नाही : हत्याराचे जे टोक कापते तेच झिजते, म्हणून ते टोक, ज्याला तो ‘टिप’ म्हणतो, होल्डरवर वेगळे बसवावे आणि बोथट झाले की तेवढेच बदलावे. मत्स्यवेधाच्या एका अत्यंत नाजूक हुन्नरात हेच तत्त्व कसे शिरले, आणि त्यापासून मनुष्याइतकाच माशाचाही लाभ कसा झाला, हे समजून घेण्यासारखे आहे.

या हुन्नरात गांडूळ किंवा कणकेची गोळी वर्ज्य असते. गळाच्या दांड्यावर रेशमी दोरा, पिसे, केस आणि जरतार अशा कौशल्याने गुंडाळतात की पाण्यातल्या माशाला तो एखादा कीटक अथवा लहानसा मासाच वाटावा. इंग्रज त्याला फ्लाय म्हणतात, आपण माशी म्हणू. परंतु या कारागिरीत एक मूलभूत वैगुण्य होते. कारागिराचे सारे श्रम ज्या पोलादावर खर्ची पडत, त्याचे टोक खडकावर आपटून मोडले किंवा गंजले, की ती सबंध कलाकृती रद्दी होई. शिवाय सॅमनसारख्या मोठ्या माशासाठी माशी लांब हवी, म्हणजे गळाचा दांडाही लांब हवा. आणि मासा झटापट करू लागला की हा लांब दांडा तरफेसारखा पिळला जाऊन जखम रुंदावे व गळ निसटे.

१९४५ च्या सुमारास स्कॉटलंडमधील अॅबरडीनच्या प्लेफेअर या पेढीत माश्या बांधणाऱ्या मोराव्स्की नावाच्या बाईंनी टर्कीच्या पिसाचा पोकळ देठ घेतला, त्याच्यावरच माशी बांधली, आणि गळाची तजवीज स्वतंत्र ठेवली. तंगूस नळीतून ओवायचा, मागच्या टोकाला आखूड दांड्याचा गळ बांधायचा, एवढीच युक्ती. मासा गळाला लागला की माशी तंगुसावरून वर सरकते. गळाला दांड्याची तरफ राहत नाही, आणि पिसांची नासाडीही टळते. गळ बोथट झाल्यास नवा बांधावा. माशी तीच चालते.

पुढे पिसाच्या देठाची जागा प्लॅस्टिक, अॅल्युमिनियम, तांबे आणि पितळ यांच्या नळ्यांनी घेतली, आणि त्याबरोबर आणखी एक सोय झाली : माशी किती खोल जावी याचा निर्णय आता गळाच्या जाडीवर अवलंबून राहिला नाही. पृष्ठभागाजवळ खेळवायची तर प्लॅस्टिक, वेगवान प्रवाहात तळ गाठायचा तर पितळ. बांधणीही अवघड नाही. वाइसमध्ये सुई पकडून तिच्यावर नळी घट्ट बसवावी, दोऱ्याचा पाया घालून शेपटीकडून डोक्याकडे पिसे बांधत यावे, आणि शेवटच्या गाठीवर वार्निश द्यावे. प्लॅस्टिकच्या नळीचे पुढचे टोक आचेजवळ क्षणभर धरले की त्याला कड येते व दोरा घसरत नाही. मागे सिलिकॉनचा बारीक तुकडा चढवला की गळ सरळ राहतो.

विलायती सॅमनमाश्यांच्या वैभवात आपल्या सह्याद्रीचाही वाटा होता, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. करड्या रानकोंबड्याच्या मानेवरील, मेणाच्या थेंबासारखे ठिपके असलेली पिसे तिकडे इतकी मोलाची मानली जात की त्यांपायी पक्ष्यांची बेसुमार शिकार झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र या पक्ष्याला आहे. सबब आपल्या हौशी कारागिराने पाळीव कोंबड्याच्या पिसांवर संतुष्ट राहावे, हेच न्यायाचे.

आपल्याकडे या माशीचा खरा मानकरी महाशीर. दख्खनचा महाशीर १८३९ साली कर्नल साइक्स यांनी शास्त्रात नोंदवला तो पुण्याजवळच्या मुळा-मुठेतूनच. त्याच्या घशातील दात इतके बळकट असतात की गिळलेले भक्ष्य तो भरडून काढतो. अशा माशापुढे तंगुसावरून बाजूला सरकणारी माशी विशेष उपयोगी पडते. धरणे, दूषित पाणी आणि सुरुंगाने होणारी मासेमारी यांनी त्याची संख्या रोडावली, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटांच्या मत्स्यबीज केंद्राने १९७० च्या दशकापासून त्याचे कृत्रिम प्रजनन केले आणि बोटुकली ठिकठिकाणच्या जलाशयांत सोडली. आणि कोणत्याही कायद्याच्या आधी, देहू-आळंदी येथील इंद्रायणीच्या डोहांत भाविकांच्या श्रद्धेने या माशाला अभय दिले होते.

तेव्हा ज्याला हा छंद जडेल, त्याने देहू-आळंदीचे डोह सर्वथा वर्ज्य मानावेत. अन्यत्र रीतसर परवानगी काढावी, पावसाळ्यात महाशीर अंडी घालण्यास प्रवाहाविरुद्ध चढतो त्या काळात काठी घरी ठेवावी, नळीमागे काटा नसलेला एकेरी गळच बांधावा, आणि हाती आलेला मासा ओल्या हाताने, पाण्याबाहेर फार वेळ न धरता, परत सोडून द्यावा. गळ कोणता लावायचा हे माशी बांधून झाल्यावरही ठरवता येते, ही या नळीने दिलेली मुभा आहे. तिचा उपयोग माशाच्या बाजूने करणे आपल्या हाती आहे.