लांब, बारीक आणि निमुळतं

लेथवर सगळ्यात अवघड जॉब कुठला, असं विचारलं तर नवखा मुलगा आटे पाडण्याचं नाव घेईल. मुरलेला टर्नर मात्र म्हणेल, ‘लांब आणि बारीक.’ हातभर लांबीचा बार एका टोकाकडे निमुळता करायचा म्हटलं की मशिनपेक्षा माणसाचीच परीक्षा सुरू होते.

अमेरिकेतल्या भाच्याने मध्यंतरी एक व्हिडिओ पाठवला. तिथले काही हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये, जुन्या हाताच्या लेथवर रायफलची नळी बाहेरून निमुळती करतात. ‘मामा, तुम्ही कराल का असं?’ असं त्याने विचारलं. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. पण त्या कामातली खरी मेख कुठल्याही लांब टेपर शाफ्टमध्ये असतेच.

आम्हा बेळगावकरांना लेथ नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचं दुकान याच गावात चालवलं, इथेच कारखानदारीला हात घातला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली. आज उद्यमबागेत बहुतेक काम सीएनसीवर चालतं. माझा जुना लेथ घरामागच्या शेडमध्ये आहे. भंगारवाला वर्षातून दोनदा त्याचा भाव विचारून जातो.

पुतणी मेकॅनिकलला आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिला शाफ्ट हवा होता: लांबी ६०० मिलिमीटर, एका टोकाला व्यास ३०, दुसऱ्या टोकाला २०. ‘काका, कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत काढलाय,’ असं म्हणत ती शेडमध्ये आली.

हिशेब सोपा आहे. टेपर पूर्ण लांबीभर असेल, तर दोन व्यासांच्या फरकाच्या निम्म्याने टेलस्टॉक सरकवायचा. इथे फरक १० चा, म्हणून ५ मिलिमीटर आपल्या बाजूला. मग टेलस्टॉककडचं टोक बारीक होतं. टेपर ६०० पैकी फक्त ४०० मिलिमीटरवर हवा असता, तर तेच सरकवणं साडेसात झालं असतं. टेलस्टॉक सरकला की दोन्ही सेंटर एका रेषेत राहत नाहीत, म्हणून गोल टोकाचं सेंटर लावलेलं बरं.

तिने पहिले कट जोरात घेतले. मायक्रोमीटर लावला, तर दोन्ही टोकं मापात आणि मध्यभाग हिशेबापेक्षा दोन दशांश मिलिमीटर जाड! ती मशिनलाच दोष देऊ लागली. मी म्हटलं, ‘मशिन बरोबर आहे, लोखंड वाकतंय.’

टूलच्या दाबाने बार मागे झुकतो. टोकांना सेंटरचा आधार असतो, मध्ये काहीच नसतं. तिथे टूल कमी कापतं आणि पोट सुटतं. लांबी दुप्पट झाली की हे झुकणं आठपट होतं. जाडी निम्मी झाली तर सोळापट. पुतणीने हे सूत्र परीक्षेत लिहिलं होतं, पण हाताने पहिल्यांदाच पाहिलं.

दुसरा शत्रू उष्णता. ६०० मिलिमीटर पोलाद ३० अंशांनी तापलं तर जवळपास दोन दशांश मिलिमीटर वाढतं. दोन सेंटरच्या मध्ये जखडलेल्या बारला वाढायला जागा नसते, मग तो कमानीसारखा वाकतो. म्हणून अधूनमधून टेलस्टॉकचं सेंटर थोडं सैल करून पुन्हा बसवायचं, आणि शेवटचं माप जॉब गार झाल्यावरच घ्यायचं.

ट्रॅव्हलिंग स्टेडी सरळ बारला छान आधार देते, पण टेपरवर व्यास बदलत जातो, म्हणून ती नीट टेकत नाही. मग उरतो धीर: धारदार टूल, त्याच्या टोकाची गोलाई अगदी लहान, कट थोडा. कर्र असा चॅटरचा आवाज आला की स्पीड उतरवायचा. शेवटी कट न वाढवता टूल एकदा तसंच फिरवून आणायचं. झुकलेला बार परत येताना जेवढं शिल्लक ठेवतो, तेवढं निघून जातं. संध्याकाळपर्यंत मधलं पोट जवळजवळ गेलं होतं.

आपल्या घरात असा लेथ पडून असेल, तर विकण्याआधी मुलांना एकदा त्यावर उभं करा. ओढणी, सैल बाही, मोकळे केस नकोत. हातमोजेही नकोत, ते जॉबमध्ये ओढले जातात. चष्मा हवाच. चकची चावी चकमध्ये कधीच ठेवायची नाही आणि कीस हाताने काढायचा नाही, आकडा वापरायचा. सीएनसीवरही बार असाच वाकतो. फरक इतकाच, की ज्याने तो हाताच्या लेथवर वाकताना अनुभवलाय, त्याला स्क्रीनवरचा आकडा कुठे चुकला हे लगेच कळतं.

भंगारवाल्याला मी यंदाही नाही म्हटलंय. पुतणीचे दोन मित्र पुढच्या रविवारी येणार आहेत.