पाइपांच्या सांगाड्यावरची मोटार

घरातला मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला गेली, की हल्ली एक नवाच विषय जेवताना निघतो. "आम्ही गाडी बनवतोय." ऐकणाऱ्याला आधी वाटते, प्रकल्पासाठी काहीतरी मॉडेल असेल. मग वर्गणीचे पैसे मागितले जातात, उद्यमबागेत कुणाच्या तरी शेडमध्ये रात्री अकरापर्यंत थांबणे सुरू होते, आणि एक दिवस मोबाइलवर फोटो येतो: नुसत्या पाइपांचा पिंजरा, त्यात एक सीट, सीटच्या मागे मोटरसायकलचे इंजिन, आणि सीटवर आपलेच पोर. मंडळातल्या दोन-तीन कुटुंबांनी आम्हाला विचारले, की हा प्रकार नेमका काय, त्यात धोका किती आणि अशी गाडी रस्त्यावर चालवता येते का. आम्ही मेकॅनिक नव्हे. पण माहिती घेतली, जाणत्यांशी बोललो, आणि जे कळले ते इथे मांडतो आहोत.

सुरुवात सांगाड्यापासून. आपल्या रोजच्या मोटारीला वेगळा सांगाडा नसतो. दाबून आकार दिलेले पत्रे एकमेकांना जोडून तिची पेटी केलेली असते आणि ती पेटीच सगळा भार घेते. त्यासाठी अवजड प्रेस आणि साचे लागतात, म्हणजे कोट्यवधींची गुंतवणूक. एकट्यादुकट्याला गाडी बनवायची तर सोपा मार्ग पाइपांचा. पाइप कापायचे, टोके एकमेकांत बसतील अशी गोल खाचायची, वेल्डिंग करायचे.

हे तंत्र आपल्याला नवे नाही. सायकलची फ्रेम म्हणजे पाइपांचा सांगाडाच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये आपल्या बेळगावातच सायकलचे दुकान काढून उद्योगाची सुरुवात केली होती, हे बहुतेकांना ठाऊक असेल. सायकलकडे नीट पाहिले तर सगळी मेख कळते. तिच्यात त्रिकोण असतात. चार पट्ट्यांचा चौकोन टोकांना खिळे मारून जोडला आणि कोपऱ्यावर दाबला, तर तो कलतो. त्रिकोण कलत नाही. पाइप ताणाला आणि दाबाला चांगला टिकतो, पण मधोमध वाकवणारा भार आला की हार मानतो. म्हणून चाकांचे आर्म, शॉकअब्सॉर्बर आणि इंजिनाचे फाउंडेशन हे सगळे दोन-चार पाइप जिथे एकत्र येतात त्या सांध्यापाशी बसवायचे असतात. पाइपाच्या मध्यावर नुसती पट्टी वेल्ड करून तिथे शॉकअब्सॉर्बर टांगलेला दिसला, तर बनवणाऱ्याला सांगाडा समजलेला नाही, असे खुशाल समजावे.

इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली 'लोटस सेव्हन' ही दोन आसनी मोटार याच पद्धतीने बाजारात आणली. साधारण पाचशे किलोची, दार नाही, छप्पर असून नसल्यासारखे. ती सुट्या भागांत विकत मिळे, कारण तशा संचावर तयार गाडीइतका कर लागत नसे. करात सवलत हवी असेल तर जोडणीची पुस्तिका देता येत नव्हती. तेव्हा कंपनी गाडी कशी उघडावी याची पुस्तिका देई आणि गिऱ्हाईक ती उलटी वाचे, असे सांगतात. हिशेबतपासनिसाला हसू येईल अशी ही युक्ती. पुढे १९९६ च्या सुमारास रॉन चॅम्पियन नावाच्या शिक्षकाने जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग काढून अशी गाडी अगदी स्वस्तात कशी बनवावी यावर पुस्तक लिहिले आणि जगभर घरोघरच्या गॅरेजांत या गाड्या उभ्या राहिल्या.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. निपाणीहून जवळच असलेल्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये 'मीरा' नावाची छोटी मोटार तयार केली. ती स्पोर्ट्स कार नव्हती, सामान्य माणसाला परवडावी अशी चिमुकली गाडी होती. पुढची वीसेक वर्षे ते तिच्या सुधारित आवृत्त्या काढत राहिले. लोखंडी स्प्रिंगऐवजी त्यांनी रबर वापरले. कारखाना मात्र उभा राहिला नाही. आमच्या मते ही गोष्ट प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या भिंतीवर लागायला हवी. एक चालती गाडी बनवणे आणि हजार गाड्या विकण्याची परवानगी, भांडवल व बाजारपेठ मिळवणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत.

खास पाइपांच्या सांगाड्याचे म्हणाल, तर कोइमतूरचे एस. करीवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'फॉर्म्युला मारुती' ही एक आसनी शर्यतीची गाडी घडवली. सांगाडा पाइपांचा आणि इंजिन मारुती ८०० चे, ७९६ सीसीचे. भाजी आणायला जाणाऱ्या गाडीचे इंजिन शर्यतीत. भारताचे पहिले फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन याच वर्गात तयार झाले. आपल्या अलिबागच्या 'चिंकारा मोटर्स'ने तर लोटस सेव्हनच्याच घाटाची रोडस्टर बनवली. वर फायबरची बॉडी आणि इंजिन इसुझूचे १.८ लिटर, जे आपण अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये पाहिले. बाहेरून परदेशी वाटणाऱ्या गाडीच्या पोटात टॅक्सीचे इंजिन!

आता इंजिन बदलण्याचे, म्हणजे ज्याला पोरे 'स्वॅप' म्हणतात ते. आपल्या भागातल्या जुन्या गॅरेजवाल्यांना यात नवल वाटणार नाही. पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याचे काम त्यांनी ढिगाने केले आहे. इंजिन जागेत बसले की काम झाले, असे बघणाऱ्याला वाटते. खरी कटकट तिथून पुढे सुरू होते. एका कंपनीचे इंजिन आणि दुसऱ्या कंपनीचा गिअरबॉक्स जोडायचा तर दोघांचे बोल्ट जुळत नाहीत, म्हणून मध्ये एक जाड प्लेट लेथवर आणि मिलिंगवर बनवावी लागते. इंजिनाचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट अगदी एका रेषेत यावे लागतात. केसभर फरक राहिला तरी गाडी सुरू होते, चालतेही, पण क्लच आणि बेअरिंग वारंवार जातात आणि कारण सापडत नाही. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात फाउंड्री आणि मशीनशॉप पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे अशी प्लेट करून देणारा कसबी माणूस इथे शोधावा लागत नाही. मोठ्या शहरातल्या पोरांना हे भाग्य नाही.

यातून सुटका करून घेण्याचे दोन मार्ग लोक वापरतात. पहिला, स्विफ्टसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल असा अख्खा जुडगा उचलून चालकाच्या मागे ठेवायचा. पुढची चाके ओढणारा संच आता मागची चाके ढकलतो. जोडणीची प्लेट लागत नाही. पण गिअरच्या केबली लांब कराव्या लागतात, रेडिएटर पुढेच राहिला तर पाण्याचे पाइप गाडीभर फिरवावे लागतात, आणि पूर्वी स्टिअरिंगने वळणारी ती चाके आता वळू नयेत म्हणून पक्की जखडावी लागतात. दुसरा मार्ग मोटरसायकलच्या इंजिनाचा. त्याच्या पोटातच क्लच आणि गिअरबॉक्स असतो, पुढे साखळी लावली की झाले. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० चे ३७३ सीसीचे इंजिन विद्यार्थ्यांच्या गाड्यांत म्हणूनच इतके दिसते. त्याची ताकद साधारण ४३ अश्वशक्ती. आकडा लहान वाटतो, पण गाडी सव्वादोनशे किलोची आणि चालक सत्तर किलोचा धरला, तर दर किलोमागे मिळणारी ताकद आपल्या नेहमीच्या ऐंशी अश्वशक्तीच्या हॅचबॅकपेक्षा कितीतरी जास्त भरते. हा भागाकार प्रत्येक पालकाने एकदा करून पाहावा. मोटरसायकलला रिव्हर्स नसतो, त्यामुळे अशा गाडीलाही नसतो. मागे घ्यायची तर ढकलायची.

नव्या इंजिनांत आणखी एक भानगड आहे. सगळा कारभार ईसीयू या इलेक्ट्रॉनिक पेटीकडे असतो, आणि मूळ गाडीतले सेन्सर सापडले नाहीत तर ती पेटी इंजिन नीट चालू देत नाही. म्हणून जाणते लोक इंजिन घेताना वायरिंगचा पूर्ण संच, पेटी आणि चावीसुद्धा त्याच गाडीची मागतात.

धोका कुठे आहे, याचे उत्तर इंजिनात नसून वेल्डिंगमध्ये आहे. विद्यार्थ्यांच्या स्पर्धांचे नियम वाचले तर आयोजकांना कशाची भीती आहे ते लगेच कळते. 'बाहा' या स्पर्धेत, जी २००७ पासून मध्य प्रदेशात पिथमपूरला भरत आली, पेट्रोलच्या गटात सर्वांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे एकसारखे दहा अश्वशक्तीचे इंजिन असे. डोके लावायचे ते सांगाड्यात. मुख्य पाइप २५ मिलिमीटर व्यासाचा आणि ३ मिलिमीटर जाडीचा, किंवा तितकाच भक्कम, आणि त्यात कार्बन किमान ०.१८ टक्के. फर्निचरचा पाइप चालत नाही, आणि पाइपाच्या दर्जाचा दाखला दाखवावा लागतो. फॉर्म्युला वर्गाच्या गाडीत चालकाच्या पुढे आणि डोक्यामागे अशा दोन कमानी असतात. दोन्हींच्या माथ्यावरून सरळ रेषा ओढली, तर हेल्मेट त्या रेषेच्या किमान ५० मिलिमीटर खाली राहिले पाहिजे. गाडी ६० अंशांत कलवून इंधन गळते का ते पाहतात. ब्रेक दाबल्यावर चारही चाके एकदम जखडली पाहिजेत. चालकाला पट्टे सोडून पाच सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे. इंजिन ७१० सीसीपर्यंतचे चालते, पण हवा आत घेण्याचे तोंड २० मिलिमीटरचेच, म्हणजे वेगाला आपोआप लगाम.

हे नियम बघून आमचे मत बदलले. ज्या महाविद्यालयात मुले अशा स्पर्धेसाठी गाडी बनवतात, तिथे कुणीतरी तिसरा माणूस फूटपट्टी घेऊन तपासणार असतो. चिंता करायची ती चार मित्रांनी स्वतःच्या हौसेने शेडमध्ये बनवलेल्या आणि रविवारी पहाटे हायवेवर काढलेल्या गाडीची. तिथे तपासणारा कुणी नाही. आर्गॉन वेल्डिंगचा सांधा वरून चकाकतो, पण आत धातू वितळून एकजीव झाला की नाही हे नुसत्या नजरेला दिसत नाही. वेल्डरने एक नमुना सांधा करून तो कापून दाखवावा, एवढी मागणी तरी पालकांनी जरूर करावी. चांगल्या वेल्डरला याचा राग येत नाही.

आणि आता कागदपत्रे, जिथे आम्हाला थोडा अधिकार आहे. वाहनकर्जाच्या फायली हाताळण्यात आमची उमेद गेली. आपल्या देशात नव्या प्रकारचे वाहन रस्त्यावर आणायचे तर त्याचा नमुना पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ही व्यवस्था कारखानदारांसाठी आहे, एका हौशी माणसाच्या एका गाडीला तो खर्च झेपण्यासारखा नाही. इंग्लंडमध्ये एकेका गाडीची तपासणी करून परवाना देणारी सोय आहे, म्हणून तिथली हौस रस्त्यावर दिसते. "मग जुन्या गाडीच्या आरसीवर चालवू," असे मुले म्हणतात. तेही जमत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गाडीवर केए-२२, केए-२३ की एमएच-०९ यापैकी कुठलीही पाटी असो, कायदा केंद्राचा आहे, सीमा ओलांडून तो बदलत नाही.

त्याहून मोठी गोष्ट विम्याची. नोंदणी नाही तर थर्ड पार्टी विमा नाही, आणि विमा नसताना रस्त्यावर कुणाला धक्का लागला तर भरपाई घरावर येते. रक्कम काही लाखांची असू शकते. बँकही अशा गाडीवर वाहनकर्ज देणार नाही, कारण बोजा चढवायला आरसी बुकच नाही. वडिलांच्या ठेवीवर कर्ज काढून पैसे उभे केल्याचे आम्ही ऐकले आहे. त्यात बेकायदा काही नाही, पण परतफेड गाडीतून होणार नाही हे आधी बोलून घ्यावे.

मग चालवायची कुठे? ट्रॅकवर, टेम्पोत घालून नेऊन. करीवर्धन यांच्या नावाचा ट्रॅक कोइमतूरला आहे, 'फॉर्म्युला भारत' ही विद्यार्थ्यांची स्पर्धा तिथेच होत आली आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला दुसरा आहे.

इंजिन भंगार बाजारातून घेणार असाल तर पक्के बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या, आणि मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर ते इंजिन कितीही स्वस्त असले तरी तिथेच ठेवून परत या.