चेन्नईचा रेडिओ ऐकतो घरोघरच्या गोष्टी

सकाळची वेळ. दारापुढे सडा पडला आहे, तांदळाच्या पिठाचा कोलम काढून झाला आहे. आत एका शेगडीवर इडलीचे भांडे, दुसरीवर सांबार. आजोबा दवरा-टंबलरमधली कॉफी वरखाली ओतून फेस आणताहेत, मुलांची दप्तरांसाठी शोधाशोध चालली आहे. तेवढ्यात रेडिओवरून एक संथ, गावाकडच्या वळणाचा आवाज येतो आणि घरातली धावपळ क्षणभर मंदावते. १९९० च्या दशकातल्या मद्रासमधल्या (शहराचे नाव अधिकृतपणे चेन्नई झाले ते १९९६ मध्ये) कितीतरी घरांतले हे रोजचे दृश्य. आवाज असे तेन्कच्ची को. स्वामिनाथन यांचा आणि कार्यक्रमाचे नाव ‘इंद्रु ओरु तगवल’, म्हणजे ‘आज एक माहिती’.

नाव ऐकून कुणाला वाटेल, हा सामान्यज्ञानाचा कार्यक्रम असावा. तसा तो होताही. पण स्वामिनाथन यांची माहिती ज्ञानकोशातून उचललेली वाटत नसे. ती जणू ओसरीवर बसून सांगितलेली असे. राग का येतो, म्हातारपणी विसरायला का होते, नवराबायकोचे भांडण कुठल्या क्षुल्लक गोष्टीवरून पेटते, असे काहीही विषयात येई. त्याला एखाद्या गोष्टीची जोड मिळे आणि शेवटी हमखास एक विनोद. गंमत अशी, की ऐकणारे हसत, सांगणाऱ्याच्या आवाजात मात्र हसू शोधून सापडत नसे. जेमतेम काही मिनिटांचे हे बोलणे दहा वर्षांहून अधिक काळ चालले आणि त्याची पुस्तके निघाली, तीही एकामागून एक.

हे गृहस्थ मूळचे शेतकीचे पदवीधर. आकाशवाणीत त्यांची सुरुवात शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमांतून झाली. खताची मात्रा किंवा कीड मारण्याचा उपाय निरक्षर माणसाला कंटाळा न आणता सांगायचा, तर भाषा कशी हवी, याचा धडा त्यांना तिथे मिळाला असणार. पुढे चेन्नई केंद्रावरून त्यांनी तीच भाषा शहरी माणसाच्या संसाराला लावली. २००९ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेकांना घरातलेच कुणी वडीलधारे गेल्यासारखे वाटले.

मराठी वाचकाला याचे फारसे नवल वाटू नये. मुंबई आकाशवाणीवरचे ‘पुन्हा प्रपंच’ ज्यांनी ऐकले आहे, त्यांना टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि प्रभाकरपंत आजही शेजारच्या बिऱ्हाडातल्या माणसांसारखे आठवतात. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांच्या आवाजांनी ती माणसे उभी केली. महागाई, पाहुणे, मुलांचे प्रगतिपुस्तक असल्या गोष्टी ती तिघे आपल्या वतीने बोलत. मद्रासमध्ये हे काम स्वामिनाथन एकटे करत होते. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या तंजावरी मराठी कुटुंबांत घरची बोली दक्षिणी मराठी असली, तरी रेडिओ तमिळच असे.

पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मुंबई काय किंवा मद्रास काय, बोलत होता तो रेडिओ. ऐकणारा ऐकत होता. फार तर पत्र टाकत होता.

चाळीस वॅटपासून

बोलणाऱ्या रेडिओशी मद्रासचे नाते तसे फार जुने आहे. आकाशवाणी जन्मण्याच्या कितीतरी आधी, १९२४ मध्ये, सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी आणि त्यांच्या मित्रांनी मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब काढला आणि अवघ्या ४० वॅट शक्तीच्या प्रक्षेपकावरून प्रसारण सुरू केले. तीनच वर्षांत पैसे संपले आणि क्लब बंद पडला. यंत्रसामग्री गेली मद्रास महापालिकेकडे आणि १९३० पासून पालिका स्वतःच रेडिओ चालवू लागली! घरी रेडिओ परवडणारी माणसे थोडी, म्हणून समुद्रकिनाऱ्यावर आणि बागांमधून कर्णे लावले होते. संध्याकाळी लोक वाळूत बसून संगीत ऐकत. १६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू झाले, तेव्हा पालिकेने हा उद्योग आवरता घेतला. देशातली पहिली एफएम सेवाही याच शहरात, २३ जुलै १९७७ रोजी सुरू झाली.

एवढे सगळे झाले, तरी साध्या श्रोत्याच्या हाती माइक काही आला नव्हता. तो येण्यामागे एका मराठी माणसाचा हात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात निकाल दिला, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारच्या एकट्याच्या मालकीची नाही. हे निकालपत्र लिहिणारे होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत. या निकालाने खासगी आणि सामाजिक, दोन्ही प्रकारच्या रेडिओचा रस्ता मोकळा केला. चेन्नईत खासगी एफएम केंद्रे ऐकू येऊ लागली ती २००३ च्या सुमारास. सूर्यन एफएम आणि रेडिओ मिर्ची आधी आली, हॅलो एफएम आणि बिग एफएम त्यांच्या मागून.

सरकारने रस्ता मोकळा केला, पण त्यावर एक फाटक ठेवले. खासगी केंद्रांनी स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत, राजकारणावर चर्चा करायची नाही. फार तर आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावायचे, तीही सवलत २०११ च्या धोरणाने मिळाली. ज्या राज्यात चहाच्या टपरीवरही दोन द्रविड पक्षांवाचून गप्पा रंगत नाहीत, तिथे रेडिओला राजकारण बंद! मग बोलायचे कशावर? घरावर. सासू-सुनेवर, प्रेमविवाहाला तयार नसलेल्या वडिलांवर, ऑटोरिक्षावाल्याने सांगितलेल्या भाड्यावर, पाण्याच्या टँकरची वाट पाहण्यात गेलेल्या रविवारवर. एकट्या मुलीला किंवा मांसाहारी कुटुंबाला घर भाड्याने द्यायला नकार देणाऱ्या घरमालकांवर. सरकारी बंदीमुळे का होईना, चेन्नईचा रेडिओ घरात शिरला आणि तिथेच रमला. चेन्नई लाइव्ह नावाच्या १०४.८ वरच्या केंद्राने तर गाण्यांपेक्षा गप्पांनाच मानाचे पान दिले होते, तेही मुख्यतः इंग्रजीतून.

याच काळात रेडिओ मोबाइलमध्ये आला. हेडफोनची वायर हीच त्याची एरियल. दिवाणखान्यातला एकच सेट सगळ्या घराने ऐकायचा, हा रिवाज मोडला. शिवणयंत्रावरची बाई, इमारतीचा रखवालदार, नोकरीसाठी गावाहून येऊन वसतिगृहात राहिलेली मुलगी, ज्याचा त्याचा रेडिओ वेगळा. आणि ज्या यंत्रावर ऐकायचे, त्याच यंत्रावरून केंद्राला फोनही लावता येतो! तोंड दिसत नाही, नाव खरे सांगितलेच पाहिजे असे नाही. जे आईला सांगता येत नाही, ते रात्री दहानंतर एका अनोळखी निवेदकाला सांगता येते.

हशा आणि पूर

पण फोन दोन्ही बाजूंनी करता येतो. बिग एफएमवर आर. जे. बालाजी यांचा ‘क्रॉस टॉक’ हा कार्यक्रम गाजला तो फिरकी घेणाऱ्या फोनमुळे. बेसावध माणसाला फोन करायचा, काहीतरी अजब मागणी करायची, तो चिडेपर्यंत नेट लावायचा आणि शेवटी उलगडा करायचा. शहर पोट धरून हसले. बालाजी पुढे चित्रपटात गेले, नट आणि दिग्दर्शक झाले. या करमणुकीत एक खटकणारी गोष्ट आहे. हसू येते ते चिडलेल्या माणसाचे, आणि त्याला आपण किती जणांसमोर चिडलो आहोत हे तेव्हा ठाऊक नसते. घरच्या गोष्टी चव्हाट्यावर आणायच्या, तर त्या कुणी आणायच्या, हा प्रश्न इथे उभा राहतो.

आणि मग त्याच माणसांचे दुसरे रूपही दिसले. १ डिसेंबर २०१५ रोजी तांबरम परिसरात २४ तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस कोसळला. अड्यार नदी वस्त्यांमध्ये घुसली, वीज गेली, अनेक भागांत फोन मुके झाले. या दिवसांत अभिनेता सिद्धार्थ आणि हेच आर. जे. बालाजी यांनी स्वयंसेवक गोळा करून मदतीची जुळवाजुळव केली. कुठे माणसे अडकली आहेत, कुठे जेवण पोचलेले नाही, याची चौकशी हाच त्या दिवसांचा कार्यक्रम झाला. गंमतीपोटी अनोळखी माणसाला पटकन बोलते करण्याची हातोटी संकटात अशी कामाला आली.

जाहिरातींच्या पैशावर न चालणारा रेडिओही चेन्नईत आहे. गिंडीच्या अण्णा विद्यापीठाने १ फेब्रुवारी २००४ रोजी ‘अण्णा एफएम’ सुरू केला. विद्यापीठाच्या आवारातून चालणारे आणि आजूबाजूच्या लोकांसाठी असलेले हे देशातले पहिले केंद्र. ते उभे राहिले त्यात डॉ. आर. श्रीधर यांचा मोठा वाटा होता. प्रक्षेपकाची शक्ती जेमतेम, पोच काही किलोमीटरांपुरती. कृष्णस्वामी चेट्टींच्या ४० वॅटची आठवण यावी अशी. पण त्या काही किलोमीटरांत कष्टकऱ्यांच्या वस्त्या आहेत. तिथल्या बायकांना केंद्राने बोलते केले. पंडुरोग, बाळंतपणातला आहार, डासांचा त्रास हे विषय डॉक्टरांच्या भाषणाने सुरू होत नाहीत. शेजारीण काय म्हणते, तिथून सुरू होतात. आपलाच आवाज रेडिओवर ऐकून लाजणारी बाई दुसऱ्या वेळी प्रश्न विचारायला पुढे सरसावते.

न बोललेले

आता एक प्रसंग, फार दूरचा. आयर्लंडमध्ये गे बर्न यांचा सकाळचा रेडिओ कार्यक्रम १९७३ पासून जवळजवळ २५ वर्षे चालला. त्याच्या श्रोत्यांत गृहिणींचा भरणा मोठा. जानेवारी १९८४ मध्ये ग्रॅनार्ड या छोट्या गावात पंधरा वर्षांची एक शाळकरी मुलगी उघड्यावर, एकटीच बाळंत झाली आणि त्यातच ती आणि बाळ दोघेही दगावले. गावाने तोंडातून शब्द काढला नाही. पण बर्न यांच्याकडे पत्रांचा ढीग येऊन पडला. कुमारवयात, लग्नाआधी, लपूनछपून, आपल्यावर काय ओढवले होते ते बायकांनी लिहिले होते. काहींनी तर कित्येक दशके मनात दाबून ठेवलेले. फेब्रुवारीत एका दिवशी बर्न यांनी सगळा कार्यक्रम त्या पत्रांना दिला. भाष्य नाही, उपदेश नाही. एकामागून एक पत्र वाचायचे, बस्स. कर्मठ कॅथलिक वळणाच्या त्या देशाला तो दिवस विसरता आलेला नाही. पुढे तिथे श्रोत्यांच्या फोनवर चालणारा ‘लाइव्हलाइन’ रुजला. जो डफी यांनी तो १९९९ पासून २०२५ पर्यंत चालवला.

चेन्नईच्या घरांतही अशी न बोललेली दुःखे होतीच. त्यांना वाट मिळाली ती रेडिओवर नव्हे, साध्या टेलिफोनवर. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली. जीव द्यावासा वाटणाऱ्या माणसाचे ऐकून घ्यायचे, एवढेच काम. फोन उचलणारे स्वयंसेवक. ते सल्ला देत नाहीत, नाव विचारत नाहीत, ऐकलेले बाहेर सांगत नाहीत.

एफएमच्या स्टुडिओत नेमके हेच जमत नाही. निवेदकाला तीन मिनिटांत गाणे लावायचे असते, पाठोपाठ जाहिरात असते. मुलगी म्हणाली, ‘मला आता काहीच नकोसे झाले आहे’, तर निवेदकाने काय करावे? हसवावे? समजूत घालावी? आवडीचे गाणे लावून द्यावे? सगळे शहर ऐकत असते, म्हणून तिला बोलायला धीर येतो. आणि सगळे शहर ऐकत असते, म्हणूनच तिला खरे ते बोलता येत नाही. समंजस निवेदक अशा वेळी फोन प्रसारणाबाहेर घेतो आणि तिला जाणत्या माणसाशी जोडून देतो.

‘स्नेहा’च्या फोनवर सर्वांत कसोटीचे दिवस म्हणजे बारावीच्या निकालाचे. नापास झालेल्या मुलाने वर्षभर घरी तोंड लपवून बसायचे, ही शिक्षा फार मोठी आहे, असे संस्थेने सातत्याने मांडले. नापासांना त्याच वर्षी, थोड्याच दिवसांत पुन्हा परीक्षेला बसता यावे, असा आग्रह धरला. तमिळनाडूने ती सोय केली. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारची ‘टेली-मानस’ सेवाही देशभर १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतूनही बोलता येते.

निकालाच्या दिवशी एफएमवर पास झालेल्यांसाठी गाण्यांच्या फर्माइशी येतात, अभिनंदनाचे निरोप वाचले जातात. त्याच संध्याकाळी ‘स्नेहा’त स्वयंसेवक जास्तीच्या पाळीला बसलेले असतात. फोन वाजतो. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येतो, आणि इकडचा माणूस न बोलता थांबून राहतो.